नाव नका खोडू

सगळा घोटाळा झाला तो कपड्यांच्या मापावरून.

एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात धुलाईखातं होतं. दोन अजस्र धुलाईयंत्रं, तीन ड्रायर आणि भिंतीलगत एक लांबलचक तापता रोलर. ओली चादर या टोकाने आत सरकवली की त्या टोकाने कोऱ्या कागदासारखी कडक होऊन बाहेर यायची. त्या रोलरपाशी अठरा वर्षं जी बाई उभी होती, तिला वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे इस्त्रीबाई म्हणत. उंचीने बेताची, अंगाने भरलेली, हाताने झपाट्याची. बोलायला मात्र कमी. यंत्रांच्या घरघरीत बोलून ऐकतंय कोण, अशी तिची समजूत.

एके दिवशी मळक्या चादरींच्या ढिगात एक पुठ्ठ्याला अडकवलेला कागद खाली आला. वर नुसते तीन रकाने: नाव, वय, माप. खात्यातल्या बायकांना नवे एप्रन मिळणार, मिळणार असं वर्षभर चाललंच होतं. "आले गं बाई एकदाचे!" म्हणत पाचही जणींनी भराभर नावं घातली. इस्त्रीबाईने लिहिलं, वय अठ्ठेचाळीस. मापाच्या रकान्यात आधी एल लिहिलं, मग आपल्याशीच कशाला खोटं बोला, म्हणून त्याच्या आधी एक्स जोडला. कागद वर कचेरीत गेला.

आठ दिवसांनी सूचनाफलकावर याद्या लागल्या. रुग्णालयाला पन्नास वर्षं पूर्ण होणार, त्यानिमित्त पाच महिन्यांनी धावण्याचा मोठा कार्यक्रम. हौशी लोकांसाठी, बक्षीस नाही, ईर्ष्या नाही, हवं त्याने हवं ते सोंग घेऊन धावावं. पाच किलोमीटरची यादी तुडुंब भरली होती, दहाची बऱ्यापैकी. एकवीस किलोमीटरच्या यादीला मात्र वर कुणी हातच लावला नव्हता. तो कागद कुठल्याशा खाटेवर पडून राहिला आणि चादरींबरोबर तळघरात उतरला. आणि आता त्यावर धुलाईखात्यातल्या पाच बायका टी-शर्टच्या मापांसकट झळकत होत्या.

हसण्याची लाट चौथ्या मजल्यापर्यंत गेली.

दुपारच्या सुट्टीत पाचही जणी नावं काढून घ्यायला कचेरीच्या खिडकीशी गेल्या. इस्त्रीबाई रांगेत शेवटची. खिडकीतला कारकून लाल पेनाने एकेक नाव खोडत होता. चौथं खोडलं आणि मान वर न करताच त्याने पेन पाचव्या नावावर टेकवलं. "तुमचंही खोडायचं ना, काकू?"

त्या 'ना'मध्ये काय होतं कोण जाणे. माणूस वाईट नव्हता, हसतही नव्हता. त्याला फक्त उत्तर आधीच माहीत होतं. इस्त्रीबाईने आपल्या नावाच्या पहिल्या अक्षरावर उमटलेला लाल ठिपका पाहिला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "थांबा. नाव नका खोडू."

"एकवीस किलोमीटर आहे हे, काकू."

"वाचता येतं मला," ती म्हणाली आणि जिन्याने खाली निघून आली. रोलरपाशी पोचल्यावर आपण काय बोलून बसलो ते तिच्या लक्षात आलं. पण आता मागे फिरून त्या खिडकीशी जाण्यापेक्षा एकवीस किलोमीटर परवडले, असं तिला वाटलं. कारण एकवीस किलोमीटर म्हणजे किती, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

घरी तिचा नवरा आणि नणंद. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेल्याला वर्ष झालेलं. नवऱ्याचं बस थांब्याशेजारी किल्ल्या बनवायचं छोटंसं दुकान होतं, माणूस दोन हात पसरून उभा राहिला तर दोन्ही भिंतींना बोटं लागतील एवढं. स्वभावाने गमत्या. बातमी ऐकून त्याने हातातला घास खाली ठेवला.

"एकवीस? अगं, तेवढं लांब जायचं तर मी स्कूटर काढतानाही दोनदा विचार करतो!"

समोर नणंदबाई जेवत होत्या. नवऱ्याची थोरली बहीण, वय अठ्ठावन्न, एकट्या. त्याच इमारतीत दोन मजले खाली राहायच्या, रात्रीचं जेवण मात्र भावाकडे. शाळेच्या कचेरीत चौतीस वर्षं हजेरीपटाचं काम करून नुकत्याच निवृत्त झालेल्या. तो हजेरीपट त्यांच्या अंगातच मुरला होता. बसने किती वाजता थांबा सोडला, भावजयीने कप धुतला तेव्हा कड नीट घासली की नाही, कुठल्याही गोष्टीवर त्यांचा शेरा तयार. तेवीस वर्षांत नणंद-भावजयीत भांडण असं कधी झालं नाही. भांडायलाही थोडी जवळीक लागते.

नणंदबाईंनी घास संपवला, पाणी प्यायल्या, मग म्हणाल्या, "झेपणार आहे का तुला?"

"बघते," इस्त्रीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती लेकीचे जुने बूट चढवून खाली उतरली. रस्त्यावर दूधगाडीखेरीज कुणी नव्हतं. तिने पहिल्या दिव्याच्या खांबापासून धूम ठोकली. दुसरा खांब गेला, तिसरा गेला, चौथ्याला तिने मिठी मारली. कानात यंत्र सुरू झाल्यासारखी घरघर, तोंडाला कोरड, बरगड्यांत सुरी. दूधवाला गाडीतून उतरून जवळ आला. "कुणी मागे लागलंय का, ताई?"

ती लंगडत परत आली तर पहिल्या मजल्याच्या खिडकीत नणंदबाई उभ्या. हातात मनगटी घड्याळ.

"एक मिनिट दहा सेकंद," त्यांनी सांगितलं आणि खिडकी लावून घेतली.

इस्त्रीबाईला वाटलं, संपलं. आता रोज जेवताना हेच ऐकायचं. पण दोन दिवसांनी नणंदबाई जेवायला आल्या त्या काखेत वही मारून. सार्वजनिक वाचनालयातून त्यांनी धावण्यावरचं एक पुस्तक आणलं होतं, ते दोनदा वाचून काढलं होतं आणि पाच महिन्यांचा तक्ता वहीत आखला होता. तारीख, अंतर, वेळ, शेरा. पट्टीने मारलेल्या रेघा.

"तू धावलीस ते चूक. आधी चालायचं. पाच मिनिटं चाल, एक मिनिट पळ. पळताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, असं पुस्तकात लिहिलंय."

"पण शेजारी कोण आहे माझ्या?"

"मी आहे ना. सायकलवर. उद्या सहाला खाली ये. सहा म्हणजे सहा."

नणंदबाई आयुष्यात कधी बससाठीसुद्धा धावल्या नव्हत्या. पण सकाळी बरोबर सहाला त्या भावाची जुनी सायकल घेऊन फाटकाशी हजर, डोक्याला रुमाल, टोपलीत वही आणि पाण्याची बाटली. "आमची ताई उंटावरून नाही, सायकलवरून शेळ्या हाकते," असं किल्लीवाला दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला. त्याचाही हातभार होताच. लेकीचे बूट बायकोला चावतात म्हटल्यावर त्याने तिला पुठ्ठ्यावर उभं केलं, दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवली, पुठ्ठे कापले आणि ते घेऊन चार दुकानं पालथी घातली. "किल्ली असो की बूट, अर्ध्या मिलिमीटरने चुकलं की दार उघडत नाही," असं म्हणत त्याने खोकं तिच्यापुढे ठेवलं. बूट इतके बेतशीर बसले की ती संध्याकाळभर ते घालूनच घरात वावरली.

दोघींची रोजची वाट कालव्याकाठची. उजवीकडे पाणी, डावीकडे गोदामांच्या मागच्या भिंती, शेवटी पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ. पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळताना जीव मेटाकुटीला यायचा. चौथ्या आठवड्यात ते दहा मिनिटांवर गेलं. कधी गेलं ते इस्त्रीबाईला कळलंच नाही. एका सकाळी नणंदबाई शाळेतल्या एका मास्तरांची गोष्ट सांगत होत्या, हे मास्तर दर सोमवारी उशिरा यायचे आणि दर सोमवारी त्यांची तीच एक मावशी आजारी असायची. इस्त्रीबाई पळता पळता हसली, "किती वर्षं आजारी होती मावशी?" आणि मग लक्षात आलं, आपण पळतोय आणि बोलतोयही.

"बारा मिनिटं झाली," नणंदबाई म्हणाल्या. वहीत शेरा पडला: ठीक.

कधी 'चालली', कधी 'उशिरा', कधी 'ठीक'. यापलीकडे त्या वहीत शब्द नव्हता. पाच किलोमीटर झाले तेव्हा ठीक. टाकीचा चढ न थांबता चढली तेव्हाही ठीक. इस्त्रीबाईने मनाशी म्हटलं, एखादवेळी 'छान' लिहिलं असतं तर शाई संपली असती का?

खात्यात मात्र वारं फिरलं होतं. तिच्या चार सोबतिणी आधी थट्टा करायच्या, मग विचारू लागल्या, "आज किती?" तिने नऊ म्हटलं की रोलरच्या त्या टोकाची बाई या टोकाला ओरडून सांगायची, "नऊ!" आणि ड्रायरजवळची पुढे पोचवायची. संध्याकाळी जिने चढताना दम लागत नाही, रात्री पाठ टेकली की झोप लागते, आरशात बघताना पोट आत घ्यावं लागत नाही, म्हणजे पोट होतं तिथेच होतं, पण तिची त्याच्याशी तक्रार उरली नव्हती. हे सगळं ती कुणाला सांगत नसे. सुख सांगितलं की त्याला दृष्ट लागते म्हणून नव्हे, सांगायचं कसं ते माहीत नव्हतं म्हणून.

बाराव्या आठवड्यात डाव्या नडगीत कळ येऊ लागली. तिने दोन दिवस दाबून नेलं. तिसऱ्या दिवशी पाय टेकवेना. रुग्णालयातल्या हाडांच्या डॉक्टरांनी बोटाने दाबून पाहिलं, ती कळवळली. "पंधरा दिवस पळणं बंद. चालणंही बेताचं. नाहीतर हाडाला चीर जाईल."

पंधरा दिवस! तिच्या तोंडचं पाणी पळालं. शर्यतीला जेमतेम दोन महिने राहिले होते. त्या रात्री जेवणानंतर नणंदबाईंची वही टेबलावर उघडी पडली होती आणि इस्त्रीबाईची नजर गेली. पुढच्या पंधरा तारखांपुढे, एकाखाली एक, लाल शाईने लिहिलं होतं: गैरहजर. गैरहजर. गैरहजर.

"हे काय आहे, ताई?"

"दिसतंय की. येणार नाहीस ना तू?"

"डॉक्टरांनी बंद केलंय! मी काय लोळत पडणार आहे घरी?"

"मग रजेचा अर्ज दे," नणंदबाई म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "अर्जाशिवाय रजा मांडता येत नाही."

इस्त्रीबाईच्या हातातली थाळी ओट्यावर आदळली. "तेवीस वर्षं!" ती म्हणाली, आणि मग तिला थांबताच येईना. "तेवीस वर्षं तुम्ही माझी हजेरी घेताय. कपाची कड, चादरीची घडी, लेकीची वेणी, मी हसले तर का हसले! मी पाय मोडून घेतला तरी तुमचा लाल शेरा तयारच. नका येऊ उद्यापासून. मला नको तुमची वही आणि नको तुमची सायकल."

नणंदबाईंनी वही मिटली, टोपण पेनाला लावलं आणि जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या जेवायला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. भाऊ डबा घेऊन खाली जायचा आणि रिकामा डबा घेऊन वर यायचा. "खाली गेलो की ती गप्प, वर आलो की तू गप्प," तो म्हणाला. "दोन्हीकडून दाते पाडलेली किल्ली झालीय माझी. कुठल्याच कुलपात बसेना."

चौथ्या संध्याकाळी इस्त्रीबाई एकेक पायरी उतरत स्वतःच डबा घेऊन खाली गेली. दार उघडंच होतं. बोळकांडीत सायकल उलटी करून ठेवलेली, चाकं वर. नणंदबाई जमिनीवर बसून साखळीला तेल घालत होत्या. आरे लखलखत होते. शेजारी पुसायची चिंधी, तेलाची कुपी. खोलीत एक टेबल, एक खुर्ची. दुसऱ्या माणसाला बसायची सोयच नव्हती, हे इस्त्रीबाईला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. एवढी वर्षं ती दारातून डबा देऊन परत फिरायची. ती तिथेच जमिनीवर टेकली.

तिने डबा त्यांच्यापुढे सरकवला.

"तो विनोद होता," नणंदबाई साखळीकडे बघत म्हणाल्या.

"कुठला?"

"गैरहजर. आणि अर्ज. मी विनोद केला होता."

इस्त्रीबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "विनोद? तुम्ही?"

"तुझा चेहरा पडला होता. म्हटलं, हसवावं जरा. सराव नाही मला."

"लाल शाईने कुणी विनोद करतं का, ताई?"

"मग कुठल्या शाईने करतात?" नणंदबाईंनी इतक्या खरेपणाने विचारलं की इस्त्रीबाईला आधी हुंदका आला की हसू, तेच कळेना. हसूच असावं, कारण ते सुरू झालं ते थांबेना. सायकलच्या चाकाला धरून ती हसत राहिली आणि चाक तिच्या हाताखाली गरगर फिरू लागलं. नणंदबाईंच्या ओठांचे कोपरे हलले, मग खांदे हलले, आणि मग त्यांनी तेलकट हातानेच डोळे पुसले.

"शाळा सुटली तेव्हापासून," हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "मला उठायला कारणच नव्हतं गं. घड्याळ लावायची, उठायची आणि बसून राहायची. त्या दिवशी तू खांबाला मिठी मारलेली पाहिली. वाटलं, हिला गरज आहे कुणीतरी मोजायची. खरं म्हणजे मलाच हवं होतं काहीतरी मोजायला." त्यांनी चिंधीची घडी केली. "आणि तू म्हणालीस ते खोटं नाही. शेरे मारायची सवयच लागली. हजेरीपटात शाबासकीचा रकाना नसतो."

"पट्टी आहे की तुमच्याकडे," इस्त्रीबाई म्हणाली. "एक आखून घ्या."

नणंदबाईंनी तो रकाना आखला नाही. जन्माची सवय अशी एका संध्याकाळीत जात नाही. पण पंधरा दिवस त्यांनी पुस्तकातून शोधून काढलेले पायाचे व्यायाम भावजयीकडून करून घेतले, बर्फाची पिशवी धरून बसल्या, आणि सोळाव्या दिवशी पहाटे सहाला सायकल पुन्हा कालव्यावर आली. पहिल्या दिवशी दोनच किलोमीटर. मग चार. मग हळूहळू दहा, बारा, पंधरा. सतरा किलोमीटरच्या दिवशी इस्त्रीबाई घरी येऊन न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली ती तासभर उठली नाही. पुस्तकात लिहिलं होतं, सतरा पळणारा एकवीस पळतो. "पुस्तकवाल्याला काय जातंय लिहायला," ती म्हणाली.

शर्यतीच्या दिवशी मैदानावर जत्रा होती. कुणी वाघ झालं होतं, कुणी इंजेक्शनची भलीमोठी सुई. पाच आणि दहा किलोमीटरवाले हसत-खिदळत फोटो काढत होते. एकवीसच्या रांगेत मात्र बाहेरून नावं देऊन आलेली वाळक्या अंगाची, सडपातळ माणसं गुडघे उडवत उभी होती आणि त्यांच्या मागे एक्सएल टी-शर्टमध्ये इस्त्रीबाई. नियम साधा: साडेतीन तासांत पोचायचं. त्याहून मागे पडतील त्यांना गोळा करायला शेवटी एक गाडी सावकाश येणार. रस्त्यावर सायकलला बंदी होती, म्हणून ठरलं होतं की नणंदबाई गल्ल्यांतून पुढे जाऊन सहाव्या आणि तेराव्या किलोमीटरला उभ्या राहतील. नवरा शेवटाला.

सहाव्याला नणंदबाई होत्या. दुतर्फा लोक "जोरात! जोरात!" ओरडत होते आणि त्यांच्यात एकटीच बाई घड्याळ उंचावून किंचाळत होती, "हळू! अगं हळू! त्रेपन्नच मिनिटं झालीत, जीव घेशील!" लोक वळून बघायला लागले. इस्त्रीबाईने चाल कमी केली आणि तिच्या अंगात हुरूप आला.

दहा गेले. अकरा, बारा. ऊन चढलं. तेराव्याची पाटी दिसली तेव्हा ती दोन्ही बाजूंच्या गर्दीत रुमाल बांधलेलं डोकं शोधू लागली. केळं आणि मिठाचं पाणी त्यांच्याजवळ होतं. पाटी आली, पाटी गेली, नणंदबाई नव्हत्या. ती चार पावलं मागे आली, पुन्हा पाहिलं. नाहीच. उसनं अवसान आणून ती पुढे निघाली, पण मन मागे राहिलं. कुठे धडपडल्या तर नसतील? रस्ता ओलांडताना त्या कधीच उजवीकडे बघत नाहीत.

सोळाव्याला उजव्या पोटरीत गोळा आला. असा की पाऊल उचलवेना. ती पदपथाच्या कडेला बसली आणि दोन्ही हातांनी पोटरी दाबू लागली. वाळकी माणसं केव्हाच पुढे गेली होती. रस्ता रिकामा. लांबून गाडी येत होती, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. बस झालं, तिला वाटलं. सोळा काय कमी आहेत? अठ्ठेचाळीसाव्या वर्षी सोळा. कुणीही शाबासकीच देईल.

गाडीच्या पुढे चार वॉर्डबॉय धावत येत होते, हातांत स्ट्रेचर आणि स्ट्रेचरवर प्लास्टरमध्ये गुंडाळलेला कापसाचा पुतळा. हेच त्यांचं सोंग. घामाने निथळत ते तिच्यापाशी थांबले.

"अहो, या तर आपल्या इस्त्रीबाई! चला, बसा. या पेशंटला खाली ठेवतो, तुम्ही आडव्या व्हा."

"नको रे बाबांनो," ती म्हणाली आणि मग तिचं लक्ष स्ट्रेचरकडे गेलं. पुतळ्याखालची चादर एका बाजूने लोंबत होती, जमिनीला लागत होती. "ही चादर कुणी घातली? उलटी आहे. अशा अंथरतात होय?"

"घाईत राहिली, काकू."

"घाईत? पाय अडकून पडाल चौघंही!" आणि ती उठली. चादर ओढली, सुलट केली, चारी कोपरे आत खोचले, हाताने सुरकुती सपाट केली. चौघं बघत राहिले. काम संपल्यावर तिला जाणवलं, आपण उभ्या आहोत. पोटरी दुखत होती, पण धरत होती.

"शंभर पावलं पळायचं, पन्नास चालायचं," मागच्या बाजूचा वॉर्डबॉय म्हणाला. "आम्ही तसंच करतोय. मोजतो मी मोठ्याने."

मोजणारा मिळाला म्हटल्यावर ती निघाली. शंभर, पन्नास. शंभर, पन्नास. सतरावा गेला. जिथे याआधी तिचे पाय कधी पोचले नव्हते, तिथून पुढची जमीन सुरू झाली. काही वेगळी नव्हती. तसंच डांबर, तशीच दुकानं, एका खिडकीत कुणी गादी वाळत घातलेली. पण तिला ती नव्याने धुऊन काढल्यासारखी वाटली.

अठराव्याच्या पुढे, समोरून, पदपथावरून एक आकृती येताना दिसली. लालबुंद चेहरा, रुमाल मानेवर घसरलेला, हातात सायकल. पुढचं चाक पार बसलेलं.

"ताई!"

"पुलाकडचा रस्ता बंद केला मेल्यांनी," नणंदबाई दम खात म्हणाल्या. "लांबून वळसा घेतला, तर चाक फुटलं. तेराव्याला मीच गैरहजर. थांबू नकोस! केळं धर. सोल, खा, पळ. अजून बेचाळीस मिनिटं आहेत तुझ्याकडे."

"तुम्ही चालत आलात इथवर?"

"चालत काय विचारतेस, मधे मधे पळाले!" त्यांच्या आवाजात स्वतःबद्दलचंच आश्चर्य होतं. त्यांनी सायकल मागच्या गाडीवाल्याच्या हवाली केली, "हिला बसवून आण, हिचं झालंय," असं बजावलं आणि पदपथावरून भावजयीच्या शेजारी पळू लागल्या. शंभर पावलं पळाल्या, पन्नास चालल्या, पुन्हा पळायला गेल्या आणि खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"जा तू," त्यांनी हात हलवला. "मी येतेच. आणि ऐक!"

इस्त्रीबाईने वळून पाहिलं.

"छान पळतेयस."

शेवटचे दोन किलोमीटर तिने कसे काटले, हे तिला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. वॉर्डबॉयचे आकडे कानावर पडत होते, मग पडेनासे झाले. तिने चालायची पन्नास पावलं केव्हा सोडून दिली ते तिलाच कळलं नाही. मैदानाचं फाटक आलं. आत अर्धा तंबू उतरवून झाला होता, माणसं पांगत होती. घड्याळाच्या पाटीवर तीन तास सव्वीस मिनिटं. नवरा दोरीच्या पलीकडे नाचत होता, अक्षरशः नाचत होता, आणि कुणा अनोळखी माणसाचा दंड धरून ओरडत होता, "ती बघा! ती माझी बायको! ती, एक्सएल!"

रेघ ओलांडल्यावर तिला वाटलं होतं रडू येईल. रडू आलं नाही. आधी बूट काढावेत, एवढंच वाटलं. ती गवतावर बसली, मोजे काढले आणि आपल्या पावलांकडे बघत राहिली. अठरा वर्षं ती त्यांच्यावर उभी होती. त्यांनी तिला कधी कुठे नेलं नव्हतं, आणि तिनेही त्यांना कधी विचारलं नव्हतं.

पाठोपाठ स्ट्रेचर आलं, तीन तास अठ्ठावीसला. आणि पाव तासाने गाडीतून सायकल उतरली. सायकलबरोबर नणंदबाईही उतरल्या. "शेवटच्या चौकात गाडीत बसले," त्या म्हणाल्या. "तुझी शर्यत होती, माझी नव्हे. किती वेळ?"

"तीन सव्वीस."

त्यांनी वही काढली आणि शेवटच्या ओळीत आकडा लिहिला.

इमारतीच्या जिन्याशी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. इस्त्रीबाईने कठड्याला धरून पहिला मजला कसाबसा गाठला आणि पुढची पायरी चढायला पाय उचलला, तर पाय म्हणाला, मी काही येत नाही. दोन मजले अजून बाकी होते. किल्लीवाला म्हणाला, उचलून नेतो. दोघी एकदमच म्हणाल्या, "तू?" आणि तो मुकाट्याने वर पाणी तापवायला गेला.

नणंदबाईंनी आपलं दार उघडलं. "ये आत."

खोलीत आता दोन खुर्च्या होत्या. दुसरी कधी आली, इस्त्रीबाईला माहीत नव्हतं. पण ती खुर्चीपर्यंतही गेली नाही. पलंग दिसला आणि ती कडेला टेकली, टेकली ती कलंडली. "पाचच मिनिटं, ताई," ती पुटपुटली. नणंदबाईंनी खिडकीचा पडदा ओढला, पायाखाली उशी सरकवली, आणि खुर्ची पलंगाजवळ घेऊन बसल्या.

अर्ध्या तासाने वरून आवाज आला, "पाणी तापलं! कुठे राहिलात दोघी?"

नणंदबाई दारात गेल्या, जिन्यावर डोकं काढलं आणि भावाला दबक्या आवाजात म्हणाल्या, "हळू बोल. ती झोपलीय."